वीज कोसळल्यानंतर स्मार्ट घरातील बिघाड कसा शोधावा

नागपुरात एप्रिलमधल्या अवकाळी पावसापासून ते नवतपा संपून मृगाच्या सरी येईपर्यंतचा काळ विजांचा असतो. दिवसभर तापलेल्या जमिनीवर संध्याकाळी ढग उभे राहतात, धुळीचे वादळ सुटते, कुठेतरी झाडाची फांदी विजेच्या तारेवर पडते आणि त्यातच एखादी वीज घराच्या आसपास कोसळते. ज्या घरात दिवे, पंखे, गेट, कॅमेरे आणि कूलरचा पंपही मोबाइलवरून चालतो, त्या घरात त्यानंतरचे चित्र ठरलेले असते. अ‍ॅपमध्ये निम्म्याहून अधिक उपकरणांपुढे ‘ऑफलाइन’ असे दिसते, एखादा दिवा काही केल्या विझत नाही आणि यंत्रणा बसवून देणारा माणूस फोनवरच सांगून टाकतो की सगळे बदलावे लागेल. हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो. अ‍ॅपमध्ये बंद दिसणारी उपकरणे आणि खरोखर जळालेली उपकरणे यांची संख्या क्वचितच सारखी निघते. हा फरक शोधायचा असेल तर तपासणीची सुरुवात अ‍ॅपपासून करू नये. ज्या तारांवाटे विजेचा झटका घरात शिरला, त्या तारांपासून करावी.

त्यासाठी हा झटका आत कसा शिरतो हे आधी समजून घेतले पाहिजे. थेट घरावर वीज पडण्याचे प्रसंग कमी असतात. बहुतेक नुकसान जवळपास कोसळलेल्या विजेमुळे होते. सामान्य वीजपातात सुमारे ३०,००० अँपिअर प्रवाह असतो, काही वेळा तो १ लाख अँपिअरच्याही पुढे जातो आणि अवघ्या काही मायक्रोसेकंदांत तो आपले शिखर गाठतो. इतक्या वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाभोवती तितक्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते क्षेत्र ज्या तारांच्या वेढ्यातून जाते, त्या वेढ्यात व्होल्टेज निर्माण होते. हॉलमधल्या राउटरचे उदाहरण घ्या. त्याला वीज मिळते ती डीबीपासून (घरातल्या मुख्य वीज-पेटीपासून) भिंतीतून आलेल्या वायरमधून, आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्याची लॅन केबल त्याच्याकडे येते ती बाहेरच्या भिंतीवरून. या दोन वाटा मिळून दहा चौरस मीटरचा वेढा सहज तयार होतो आणि शंभर मीटरवर कोसळलेली जोरदार वीज, कशालाही स्पर्श न करता, त्या वेढ्यात काहीशे व्होल्टचा झटका निर्माण करू शकते. ज्या लॅन पोर्टमध्ये एरवी दोन-चार व्होल्टचे संकेत खेळतात, त्याला हा झटका सोसावा लागतो.

एकाच घरात फ्रिज शाबूत राहतो आणि राउटर, टीव्ही, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, गेटची मोटर हीच मंडळी आधी जातात, त्यामागचे मुख्य कारण हेच आहे. फ्रिजला एकच वायर जोडलेली असते. ज्या उपकरणाला दोन किंवा अधिक दिशांनी तारा येतात, त्याच्या आतून या वेढ्याचा प्रवाह वाट काढतो. गेटच्या मोटरची आणखी एक अडचण असते. वीज जमिनीत शिरते तेव्हा त्या जागेच्या आसपासच्या जमिनीचे व्होल्टेज क्षणभर प्रचंड वाढते, त्यामुळे कंपाउंडजवळची माती आणि घराखालची माती यांच्यातच हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि गेटपासून घरापर्यंत पुरलेली कंट्रोल वायर त्या दोन जागांना जोडणारा पूल ठरते. फायबरचे इंटरनेट असेल तर काचेच्या तंतूतून वीज येत नाही हे खरे आहे, मात्र खांबावरून घराकडे येणाऱ्या अनेक फायबर केबलमध्ये आधारासाठी लोखंडी तार असते आणि ती तार घरातल्या फायबरच्या डब्यापर्यंत तशीच आणलेली असेल, तर फायबर असण्याचा तो फायदा बऱ्याच अंशी निघून जातो.

एमसीबी, म्हणजे डीबीतला आपोआप पडणारा स्विच, पडली नाही म्हणजे घरात काही आले नाही, असे समजू नये. एमसीबी वायरिंगला जादा भारापासून आणि शॉर्टसर्किटपासून वाचवते. तिला तुटायला काही मिलिसेकंद लागतात आणि विजेचा झटका त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो.

आता तपासणीकडे येऊ. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून किमान ३० मिनिटे तारांना, पाण्याच्या धातूच्या नळांना आणि गच्चीवरच्या डिशला हात लावू नये. त्यानंतर मेन स्विच बंद करावा, आणि तेवढ्यावर थांबू नये. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात इन्व्हर्टर असतो. ‘भाऊ, मेन पाडला आहे, आता बिनधास्त हात लावा’ असे वायरमन सांगतो, तेव्हा इन्व्हर्टरवरच्या बोर्डांमध्ये २३० व्होल्ट जिवंत असतात, आणि स्मार्ट मॉड्यूल, म्हणजे दिवे-पंखे मोबाइलवरून चालवणारी बटणांमागची छोटी सर्किट, नेमके त्याच बोर्डांमध्ये बसवलेले असतात, कारण दिवे-पंखे इन्व्हर्टरवर असतात. म्हणून इन्व्हर्टरचे आउटपुटही बंद करावे. छतावर सौर पॅनेल असतील तर दिवसाउजेडी त्यांच्या डीसी वायरमध्ये वीज असतेच, मग मेन बंद असो वा चालू. तिथे घरच्या माणसाने हात घालूच नये.

दोन्ही पुरवठे बंद असताना आधी नाक आणि डोळे वापरावेत. प्रत्येक स्विचबोर्डाजवळ, डीबीजवळ आणि अ‍ॅडाप्टरजवळ जळकट वास येतो का, प्लास्टिकवर काळसर किंवा पिवळट डाग आहे का, इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या बॅटरीला फुगवटा आला आहे का, हे पाहावे आणि प्रत्येक संशयास्पद वस्तूचा फोटो काढून ठेवावा. हे फोटो पुढे विम्याच्या दाव्यासाठीही लागतात. आगीच्या विम्यात वीज पडण्याचा धोका सामान्यतः धरलेला असतो, तरी उपकरणाच्या आतल्या विद्युत बिघाडाबाबत पॉलिसीत वेगळी अट असू शकते. म्हणून जळालेली वस्तू फेकण्याआधी ती अट वाचावी.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. उपकरणांकडे वळण्याआधी घरात येणारा पुरवठा तपासून घ्यावा. वादळात फांदी पडून न्यूट्रलची (प्रवाह परत नेणारी) तार तुटली, तर थ्री-फेज पुरवठ्यात एका फेजवरचे व्होल्टेज वाढत वाढत ४०० च्या जवळ जाऊ शकते आणि दुसऱ्या फेजवर ते १०० पर्यंत उतरू शकते. अशा वेळी नुकसान कोसळलेल्या विजेच्या नावावर खपते, नवे अ‍ॅडाप्टर आणले जातात आणि तेही त्याच संध्याकाळी जळतात. वायरमनकडून मल्टिमीटरने तीन मोजमापे घ्यावीत: फेज आणि न्यूट्रल यांच्यात, फेज आणि अर्थ यांच्यात, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात. पहिल्या दोन ठिकाणी २३० च्या आसपास आकडा हवा आणि तिसऱ्या ठिकाणी तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. कूलर किंवा गिझर सुरू केल्यावर एका खोलीतले दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीतले प्रखर होत असतील, तर न्यूट्रलचा दोष जवळपास निश्चित समजावा, मेन लगेच बंद करावा आणि महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे. टेस्टरचा दिवा लागतो एवढ्यावर समाधान मानू नये. टेस्टर फेज आहे की नाही इतकेच सांगतो, न्यूट्रलच्या प्रकृतीबद्दल तो काहीच सांगत नाही.

नुकसानाचे स्वरूपही कारणाकडे बोट दाखवते. न्यूट्रल तुटल्यामुळे व्होल्टेज वाढले असेल, तर एकाच फेजवरची, प्लगमध्ये लावलेली जवळजवळ सगळी उपकरणे सरसकट जातात आणि त्यांचा वीजपुरवठ्याचा भागच जळतो. वीज जवळ कोसळली असेल, तर नुकसान निवडक दिसते: राउटर सुरू होतो, पण त्याचा एकच पोर्ट मेलेला असतो, टीव्हीवर चित्र येते, पण एचडीएमआय चालत नाही.

पुरवठा ठीक निघाल्यावर इन्व्हर्टर आणि मेन सुरू करावेत, मात्र त्याआधी सगळ्या सर्किटच्या एमसीबी खाली पाडाव्यात, राउटर, हब (स्मार्ट उपकरणांना एकत्र चालवणारा मध्यवर्ती डबा), रेकॉर्डर यांचे प्लग काढून ठेवावेत आणि मग एकेक एमसीबी वर करावी. ज्या सर्किटवर आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, तुटते, त्या सर्किटवर कुठेतरी गळती सुरू झाली आहे असे समजावे. घरात सामान्यतः ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असते आणि झटक्याने इन्सुलेशनला इजा झालेली बाहेरच्या दिव्याची किंवा गेटची वायर तेवढी गळती सहज करते.

मग पाळी अ‍ॅडाप्टरांची. राउटर, फायबरचा डबा, हब आणि नेटवर्क स्विच हे सगळे लहान अ‍ॅडाप्टरवर चालतात आणि उपकरण मेले असे वाटते, तेव्हा कित्येकदा फक्त अ‍ॅडाप्टर गेलेला असतो. येथे एक फसवणूक होते. घायाळ अ‍ॅडाप्टर मल्टिमीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, पण राउटर जोडताच व्होल्टेज कोसळते आणि राउटर दर मिनिटाला पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. त्यामुळे अ‍ॅडाप्टर भार जोडून तपासावा, किंवा तितक्याच व्होल्टचा, तितक्या किंवा जास्त अँपिअरचा, पिनची धन-ऋण बाजू जुळणारा चांगला अ‍ॅडाप्टर लावून पाहावा.

राउटर उभा राहिल्यावर त्याचे पोर्ट एकेक करून पाहावेत. एक छोटी, खात्रीची लॅन केबल आणि एक लॅपटॉप एवढे पुरे. केबल पोर्टमध्ये घालताच शेजारचा बारीक दिवा लागला पाहिजे. तो लागलाच नाही, तर पोर्ट गेला. दिवा लागला आणि जोडणीचा वेग १,००० ऐवजी १०० मेगाबिट दाखवत असेल, तर हा अर्धवट जळालेला पोर्ट असू शकतो: लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात, १,००० च्या वेगाला चारही लागतात आणि १०० च्या वेगाला दोनच पुरतात, म्हणून एखादी जोडी मेली तरी पोर्ट खालच्या वेगावर तग धरून राहू शकतो. अशा पोर्टवर कॅमेरा चालतो, रेकॉर्डिंगही होते, आणि काही आठवड्यांनी तो अचानक बंद पडतो. गच्चीवरून किंवा गेटवरून आलेली केबल नव्या राउटरला थेट जोडू नये. आधी एखाद्या स्वस्त नेटवर्क स्विचवर ती लावून पाहावी, कारण कॅमेऱ्याच्या बाजूला शॉर्ट झाला असेल तर नुकसान त्या स्विचपुरते मर्यादित राहते.

राउटर बदलावाच लागला तर वाय-फायचे नाव आणि पासवर्ड जसेच्या तसे ठेवावेत, अक्षरांची लहान-मोठी लिपीसुद्धा. असे केले की वाय-फायवर चालणारे स्विच, प्लग आणि बल्ब बहुतेक वेळा आपोआप परत जोडले जातात. नाव बदलले की प्रत्येक बल्बला नव्याने शिकवत बसावे लागते. यांतली बहुसंख्य उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून नव्या राउटरवर ती पट्टी सुरू असल्याची खात्री करावी. जुन्या राउटरमध्ये कॅमेऱ्यांना किंवा हबला ठरावीक आयपी पत्ते (नेटवर्कमधले ओळख-क्रमांक) दिले असतील तर ते नव्यात पुन्हा द्यावेत. एरवी उपकरण जिवंत असते, पण त्याचा पत्ता बदललेला असतो आणि ऑटोमेशन जुन्या पत्त्यावर हाका मारत राहते.

स्विचबोर्डामागच्या स्मार्ट मॉड्यूलांची परीक्षा मोबाइलने न घेता भिंतीवरच्या बटणाने घ्यावी. बटणाने दिवा लागतो आणि मोबाइलवरून लागत नाही, तर मॉड्यूलचा विजेचा भाग शाबूत आहे आणि दोष नेटवर्कमध्ये किंवा त्याच्या रेडिओत आहे. मोबाइलवरून आज्ञा दिल्यावर भिंतीमागे रिलेचा (मॉड्यूलमधल्या छोट्या विद्युत स्विचचा) ‘टक’ आवाज येतो पण दिवा लागत नाही, तर मॉड्यूल बहुधा चांगले आहे आणि एलईडी दिव्याला पुरवठा देणारा ड्रायव्हर गेला आहे. दिवा बदलून पाहावा. दोन्ही प्रकारे काहीच होत नसेल, तर मॉड्यूलचा अंतर्गत पुरवठा गेला असण्याची शक्यता मोठी आहे. आणि दिवा काही केल्या बंदच होत नसेल, तर रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटले आहेत, किंवा प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर असल्यास त्यातला प्रवाह नियंत्रित करणारा भाग, ट्रायॅक, शॉर्ट झाला आहे. असे मॉड्यूल एक दिवसही वापरात ठेवू नये, कारण ते अ‍ॅपमध्ये ‘बंद’ दाखवत असताना आत फेज जिवंत असतो. जळालेले मॉड्यूल उघडल्यास फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये निळी किंवा पिवळी, चकतीसारखी एक वस्तू बऱ्याचदा तडकलेली दिसते. तो व्हॅरिस्टर. जादा व्होल्टेज स्वतःकडे खेचून बाकीच्या सर्किटला वाचवणे हे त्याचे काम. तो आणि त्याच्या आधीचा फ्यूज एवढेच गेले असतील, तर सीताबर्डीतला बोर्ड दुरुस्त करणारा एखादा चांगला कारागीर थोडक्या पैशांत ते बदलून देऊ शकतो. पूर्ण मॉड्यूल टाकून देण्याआधी हे विचारून पाहण्यासारखे आहे.

झिगबी आणि झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतींवर चालणाऱ्या घरांत मात्र सगळ्यांत जास्त गैरसमज होतो. या जाळ्यांत प्रत्येक उपकरण थेट हबशी बोलत नाही. कायम विजेवर असलेले स्विच आणि प्लग आपल्यामागच्या उपकरणांचे निरोप पुढे पोहोचवतात आणि बॅटरीवर चालणारे सेन्सर सहसा असे निरोप पोहोचवत नाहीत, त्यांना जवळच्या एखाद्या विजेवरच्या उपकरणाचा आधार लागतो. जिन्यातला एक स्विच जळाला, तर वरच्या मजल्यावरचे दरवाज्यांचे सेन्सर, खिडकीचे पडदे आणि गच्चीच्या टाकीचा पातळीदर्शक हे सगळे एकदम ‘ऑफलाइन’ होऊ शकतात, त्यांतल्या एकालाही धक्का लागलेला नसताना. अशा वेळी लोक अ‍ॅपमधून ती उपकरणे काढून टाकतात, रीसेट करतात आणि तासन्‌तास पुन्हा जोडत बसतात. तरीही ती जोडली जात नाहीत, कारण मधला दुवा अजून मेलेलाच असतो. योग्य क्रम उलटा आहे. आधी घरातले विजेवरचे प्रत्येक उपकरण जिवंत करावे, जळालेल्याच्या जागी त्याच ठिकाणी नवे बसवावे, मग जाळ्याला नव्या वाटा शोधण्यासाठी एक दिवस द्यावा, आणि तरीही जे परत येणार नाही त्यालाच हात लावावा.

हबच गेला असेल तर प्रश्न बॅकअपचा येतो. झिगबी जाळ्याची गुप्त किल्ली आणि जोडलेल्या उपकरणांची यादी हबमध्ये असते. बॅकअप असेल आणि नवा हब त्याच प्रकारचा असेल, तर बऱ्याच यंत्रणांमध्ये सगळे जाळे जसेच्या तसे परत येते. बॅकअप नसेल तर प्रत्येक उपकरण नव्याने जोडावे लागते. झेड-वेव्हच्या उपकरणांना नव्या हबमध्ये घेण्याआधी जुन्या जाळ्यातून बाहेर काढावे लागते आणि जुना हब नसला तरी हे काम नवा हब करू शकतो, हे माहीत नसल्यामुळे चांगली उपकरणे नादुरुस्त ठरवली जातात. होम असिस्टंटसारखे घर चालवणारे सॉफ्टवेअर मेमरी कार्डवर चालवणाऱ्यांनी आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी: वादळात वीज वारंवार जाते-येते तेव्हा कार्डावरची माहिती अर्धवट लिहिली जाते आणि हब सुरू होत नाही, त्यात विजेच्या झटक्याचा काही संबंध नसतो आणि नवे कार्ड घालून बॅकअप टाकला की तो उभा राहतो.

सगळे सुरू झाल्यानंतरचे काही आठवडे लक्ष ठेवण्याचे असतात. झटक्यातून वाचलेले व्हॅरिस्टर आणि इतर सुटे भाग दुबळे झालेले असू शकतात. एखादे मॉड्यूल पूर्वीपेक्षा गरम लागत असेल, आरसीसीबी अधूनमधून विनाकारण तुटत असेल किंवा एखाद्या अ‍ॅडाप्टरमधून गुणगुण ऐकू येत असेल, तर ते उपकरण चालते आहे या कारणास्तव वापरत राहू नये. दुबळा व्हॅरिस्टर गळती करत तापतो आणि त्यातून आग लागू शकते.

पुढच्या वादळाची तयारी अर्थिंगपासून करावी. नागपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ओली असताना ती विजेला चांगली वाट देते, पण मे महिन्यात ती सुकून भेगाळते, जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि विजांचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात, म्हणजे अर्थपिटमध्ये, उन्हाळाभर पाणी घालावे आणि वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यातच, अर्थ टेस्टरने अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा. घरासाठी ५ ओहमच्या आतला आकडा चांगला समजला जातो. इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी वेगळा खड्डा खणून वेगळे अर्थिंग द्यावे, असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. दोन खड्डे असायला हरकत नाही, पण ते एकमेकांना जाड तारेने जोडलेच पाहिजेत. न जोडलेल्या दोन अर्थिंगमध्ये विजेच्या वेळी हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक राउटरच्या आत जाऊन मिटतो.

डीबीमध्ये सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस म्हणजे जादा व्होल्टेज अर्थिंगकडे वळवणारी एसपीडी बसवावी. साध्या घराला सामान्यतः टाइप २ पुरते. गच्चीवर तडितरक्षक बसवलेला असेल, किंवा खांबावरून उघड्या तारांनी पुरवठा येत असेल, तर टाइप १ आणि २ एकत्र असलेली घ्यावी. ती किती महागाची आहे यापेक्षा ती कशी जोडली आहे हे पाहावे, कारण विजेच्या झटक्यात वायरच्या प्रत्येक मीटरवर साधारण हजार व्होल्ट वाढतात आणि ते सगळे एसपीडीने रोखलेल्या व्होल्टेजमध्ये मिळवून उपकरणापर्यंत पोहोचतात. फेजकडून एसपीडीकडे आणि तिथून अर्थपट्टीकडे (जिथे सगळ्या अर्थ वायरी एकत्र जोडतात तिकडे) जाणाऱ्या वायरची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवण्याचा नियम त्यासाठीच आहे. डीबीतली एसपीडी फक्त विजेच्या वायरीतून येणारा झटका अडवते. गच्चीवरच्या कॅमेऱ्यांच्या आणि गेटच्या केबल घरात शिरतात तिथे लॅन केबलसाठीची वेगळी एसपीडी लागते आणि तिचे अर्थिंग त्याच अर्थपट्टीला जोडावे लागते. कॅमेऱ्यांचे जाळे मोठे असेल तर गेटपासून घरापर्यंत धातूची तार नसलेली फायबर टाकणे अधिक खात्रीचे ठरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देते; ती आल्यावर वेळ हाताशी असेल तर राउटर आणि रेकॉर्डरचे विजेचे प्लग काढावेत आणि त्याबरोबर बाहेरून येणाऱ्या केबलही काढाव्यात, कारण नुसता प्लग काढला तर दुसरी वाट उघडीच राहते. एसपीडीच्या तोंडावर एक छोटी खिडकी असते, तिच्यात हिरवा रंग असेपर्यंत ती कामाची आहे आणि लाल दिसला की आतले कार्ट्रिज बदलावे. प्रत्येक मोठ्या वादळानंतर डीबीचे झाकण उघडून ही खिडकी पाहून घ्यावी.